शनिवारचे ओले केस

प्रार्थनेच्या वेळी त्या माणसाचे डोळे उघडे असत. हे मला कसं कळलं, असं विचारू नका. तुमच्या आईनेही तेव्हा हेच विचारलं होतं.

एस्तेर, नील, मागच्या आठवड्यात तुम्ही फोनवर म्हणालात की आई रोज सकाळी पोहायला जाते, आणि तुला कोणी शिकवलं असं विचारलं तर "जालन्याला, विहिरीत. पुढचं आजीला विचारा," एवढंच सांगते. पुढचं तिने माझ्याकडे का ढकललं, यावर मी चार दिवस विचार केला. मग ठरवलं की लिहूनच पाठवावं. फोनवर मी सोयीचं तेवढंच सांगेन, हे मला माहीत आहे.

त्यांना सगळे भाऊ म्हणत. आमच्या मंडळीने तरुण संघाचं काम पाहायला त्यांना नेमलं तेव्हा तुमची आई अकरावीत होती. चर्चच्या आवारात मागच्या बाजूला एक खोली होती, ती त्यांना राहायला दिली. वय पस्तीस की पन्नास, पाहून सांगता येत नसे. लग्न झालेलं नव्हतं आणि का झालं नाही ते कोणाला ठाऊक नव्हतं. नगरकडून आलो असं सांगत, पण बोलणं पक्कं आपल्या इकडचं. "आल्तो", "गेल्तो", "करून राह्यलो". नगरचा माणूस असं बोलत नाही. मी हे पहिल्याच दिवशी मनात टिपून ठेवलं.

टिपून ठेवणं हे माझं कामच होतं. शाळेत मी इंग्रजी शिकवत असे आणि मंडळीच्या पंच कमिटीची सेक्रेटरी होते. पाच पंच, पाळकसाहेब आणि मी. सभेत जे ठरे ते मी वहीत लिहायचं, पुढच्या महिन्याच्या सभेत उभं राहून वाचायचं आणि विचारायचं, "कायम करायचं का?" सगळ्यांनी "कायम" म्हटलं की ते पक्कं. त्यानंतर त्यात काना-मात्राही बदलता येत नसे. इतक्या वर्षांत माझ्या लिहिण्याला कोणी दुरुस्ती सुचवली नव्हती. मला त्याचा अभिमान होता.

पहिल्याच सभेत भाऊंना प्रार्थना करायला सांगितली. आमच्याकडे प्रार्थना म्हणजे कमीत कमी दहा मिनिटं, त्यात आजारी, प्रवासी, विधवा, सरकार, पाऊस, सगळं यायचं. भाऊ उभे राहिले आणि म्हणाले, "देवा, आम्ही आलोत. आता तू बघ. आमेन." आणि बसले. पंचांना डोळे मिटायलासुद्धा पुरता वेळ मिळाला नाही. नंतर मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं की तुमचे डोळे उघडे का होते. ते म्हणाले, "प्रभूनं जागं राहायला सांगितलंय ना बाई? डोळे झाकले की मला झोप येते."

दुसरी खोड म्हणजे त्यांचा तो प्रश्न. भेटेल त्या तरुणाला, आणि तरुण नसलेल्यालाही, ते विचारत, "तू कशाला भितो?" नाव, शिक्षण, बापाचा धंदा, हे नंतर. आधी भीती. आमचे वडील पंच रेल्वेतून निवृत्त झालेले, आवाज अजून फलाटावरचा. त्यांनाही भाऊंनी विचारलं.

"मी देवाशिवाय कोणालाच भीत नाही," वडील पंच म्हणाले.

"मंग तर तुमचं अवघड हाय," भाऊ म्हणाले.

माणसाची भीती विचारून घेणारा माणूस ती कुठेतरी वापरणार, असं मला वाटे. शाळेत मी हेच पाहत आले होते. ज्या मुलाला वर्गातल्या सगळ्यांच्या भित्या ठाऊक, तोच वर्गातला गुंड.

बायबल अभ्यासाला ते झोळीत मोसंबी घेऊन येत. आपल्याकडे मोसंबीला काय तोटा, पण देण्याची रीत उलटी. प्रश्न विचारायचे आणि ज्याचं उत्तर चुकेल त्याला मोसंबी द्यायची. बरोबर उत्तर देणाऱ्याला काही नाही. मी म्हटलं, "भाऊ, अशाने पोरं मुद्दाम चुकतील."

"चुकू द्या की. बोलतील तरी. तुमच्या शाळेत ती सात वर्सं गप बसून आलीत."

माझ्या शाळेत! मी तेही टिपून ठेवलं. पण एक सांगायला हवं. एक मुलगा होता, शाळेत हजेरीला "हजर" म्हणतानासुद्धा तो भिंतीकडे पाहायचा. नाताळच्या नाटकाची तालीम सुरू झाली तेव्हा भाऊंनी त्याला हेरोद राजा केला आणि अंगाने दांडग्या, सगळ्यांना टपल्या मारणाऱ्या मुलाला मेंढपाळ. तालमीतच तो लाजरा हेरोद असा ओरडला की पाहायला आलेल्या बायकांच्या मांडीवरची तान्ही मुलं रडायला लागली. त्याची आई मात्र हसत होती, पदराने डोळे पुसत. मला ते पाहून बरं वाटलं, आणि लगेच वाटलं की हा माणूस आमच्या मुलांचं काहीतरी करतो आहे आणि ते काय आहे हे आम्हाला कळत नाही.

म्हणून मी त्यांच्या आधीच्या मंडळीला पत्र लिहून त्यांची वर्तणूक विचारली. उत्तर आलं, "माणूस बरा आहे. त्यांना का सोडलं ते आता कोणाला नीट आठवत नाही." हे उत्तर मी तीनदा वाचलं. कारण नसतं तर "कारण नव्हतं" असं लिहिलं असतं.

आता मुख्य गोष्टीकडे येते. त्याआधी तुम्हाला एक समजावून सांगायला हवं, कारण तुमच्याकडे आता चर्चला जाणं म्हणजे नाताळ आणि ईस्टर. आपल्या मंडळीत बाप्तिस्मा तान्हेपणी होतो. पाळक बाळाच्या कपाळावर पाणी लावतात. मूल मोठं झालं की दृढीकरण, म्हणजे स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करायचा आणि मग प्रभुभोजनाला बसायचं. त्या वर्षांत दुसऱ्या पंथाचे प्रचारक इकडे फिरत होते. ते म्हणत, तान्हेपणीचा बाप्तिस्मा बाप्तिस्माच नव्हे. तरुण पोरांना ते तलावावर, नदीवर नेत आणि पाण्यात बुडवून पुन्हा बाप्तिस्मा देत. ज्याने असा दुसरा बाप्तिस्मा घेतला त्याचं नाव आमच्या रजिस्टरातून जाई. मग दृढीकरण नाही, चर्चमध्ये लग्न नाही, आणि शेवटी आमच्या दफनभूमीत आईबापांशेजारी जागाही नाही. अशी नावं मीच कापली होती, पट्टी धरून, लाल शाईने. तुमच्या आईचं दृढीकरण त्याच नाताळाआधी व्हायचं होतं.

दिवाळी होऊन गेली होती. मस्तगडच्या बाजारात कापड घ्यायला गेले तिथे आमच्या मंडळीतल्या मार्था मावशी भेटल्या. मावशी म्हणजे आवारातली प्रत्येक बातमी आधी त्यांच्याकडे, मग पाळकांकडे.

"बाई, शनिवारी पोरगी घरी आली की तिचे केस बघत जा."

"का?"

"बघा तर खरं. माझ्या भाचीचेबी ओलेच असत्यात. शनिवारी सांजच्याला, अशा थंडीत, कोण न्हातं वो?"

मी पाहिलं. त्या शनिवारी तुमची आई पाच वाजता आली. वेणी ओली, कपडे कोरडे.

"कुठे गेली होतीस?"

"भाऊंकडे. अभ्यासाला."

"केस कशाने भिजले?"

"घामाने."

"डिसेंबर लागायला आला!"

"आई, तू विचारते आहेस की पकडते आहेस?"

तुमचे आजोबा तेव्हा बदलीवर परभणीला. ते असते तर हसले असते आणि तिला शेंगा फोडायला बसवून अर्ध्या तासात सगळं काढून घेतलं असतं. मला ती कला नाही. मी कमिटीची सभा बोलावली.

रविवारी उपासनेनंतर कमिटीच्या खोलीत सभा भरली. भाऊ खुर्चीवर बसले नाहीत. ते कुणाच्याही घरी गेले तरी उंबऱ्यावरच बसत, "इथून आतलंबी दिसतं अन् बाहेरचंबी," म्हणत. तसेच बसले.

"शनिवारी पोरांना कुठं नेता?" वडील पंचांनी विचारलं.

"गावाबाहेर."

"पाण्यावर?"

"हो."

"तिथं कोणता पाळक येतो?"

"कोणी येत न्हाई."

"मंग पाण्यावर काय करता?"

"पोरींना शब्द दिलाय. त्यांच्या मर्जीबिगर सांगता येत न्हाई."

"मर्जी विचारा मग."

"विचारली. त्या न्हाई म्हणल्या."

"म्हणजे पंचांपेक्षा पोरी मोठ्या झाल्या?"

"तसं न्हाई. पण शब्द पोरींना दिल्ता, पंचांना न्हाई."

त्यांना पुढच्या रविवारपर्यंत मुदत दिली. बिलकुल खरं सांगा, नाहीतर खोली सोडा. मी ते लिहिलं.

मध्ये एक शनिवार होता. दुपारी तुमची आई निघाली आणि तिच्यामागून मीही निघाले. जुन्या जालन्याच्या गल्ल्यांतून चालत, मग ऑटो करून, मग शेताच्या कडेने पायी. त्रेचाळीस वर्षांची हायस्कूलची बाई, पर्स काखेत धरून तुरीत शिरली. तूर डोक्याच्या वर गेली होती. मी दबकत पुढे गेले आणि फांद्या बाजूला केल्या.

मोठी दगडी विहीर होती, आत उतरायला पायऱ्या, पाणी वरपर्यंत आलेलं. पायरीवर नऊवारी खोचून एक शेतकरीण बसली होती. गोदाबाई तिचं नाव, हे मला नंतर कळलं. ती आणि तिचा नवरा ते शेत कसत. पाण्यात आपल्या सात-आठ मुली, जुने कपडे घातलेल्या. प्रत्येकीच्या पाठीला तरंगायला तेलाचा रिकामा, झाळून बंद केलेला पत्र्याचा डबा बांधलेला. गोदाबाई ओरडत होती, "पाय हाण! पाय हाण, बाहुलीवानी काय पडून राह्यली!"

कोणी पाळक नव्हता. कोणी प्रार्थना करत नव्हतं. त्या पोहायला शिकत होत्या.

भाऊ विहिरीपासून लांब, लिंबाखाली बसले होते, विहिरीकडे पाठ करून. आणि भजन गात होते, मोठ्याने, बेसूर, न थांबता. एक संपलं की दुसरं. मध्येच दम घ्यायला थांबले तर गोदाबाईने एक ढेकूळ त्यांच्या दिशेने भिरकावलं. "भाऊ! गाणं!" लगेच गाणं सुरू. तेव्हा मला उमगलं. गाणं चालू आहे तोवर ते जागेवरून उठलेले नाहीत आणि वळून पाहत नाहीत, याची ती हमी होती.

फक्त तुमच्या आईच्या पाठीला डबा नव्हता. ती लहानपणी घाणेवाडीच्या तलावात पाय घसरून पडली होती. कडेलाच पडली, लगेच काढली, मी ते विसरूनही गेले होते. ती विसरली नव्हती. बादलीत डोकं वाकवून केस धुवायलाही ती घाबरायची आणि मी तिला नाजूक म्हणायची. ती त्या दिवशी विहिरीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गेली. दगडाला हात लावला आणि हसली. असं हसणं मी घरी पाहिलं नव्हतं.

गुपित का, तेही मला कळलं. त्या मुलींतल्या एकीला सायकल शिकली म्हणून बापाने मारलं होतं, आणि ते मला शाळेत समजलं होतं. विहीर म्हटल्यावर काय झालं असतं!

मी तशीच मागे फिरले. तुम्हाला वाटेल की माझा संशय तिथेच संपला. नाही संपला. परतीच्या ऑटोत मी विचार करत होते की आधी पाण्याची भीती घालवायची आणि मग पाण्यात नेऊन बाप्तिस्मा द्यायचा, असा बेत तर नसेल? इतका सरळ माणूस मी पाहिला नव्हता, म्हणून तो सरळ असेल हे मला पटेना. मी कोणालाच काही सांगितलं नाही, त्याचं खरं कारण मात्र याहून लहान होतं. मी पाहिलं असं सांगायचं तर कुठून पाहिलं तेही सांगावं लागलं असतं. स्वतःच्या मुलीच्या मागावर, तुरीत लपून.

रविवारी सभा भरली. भाऊंनी तेच उत्तर दिलं. वडील पंच माझ्याकडे वळले. "सेक्रेटरीबाई, तुमची पोरगी त्यांच्यात असते. तुमच्या शब्दावर आम्ही सगळे थांबतो. तुम्हाला काय माहीत आहे?"

एवढंच म्हणायचं होतं, "मी खात्री केली आहे, यात वावगं काही नाही, बाकी विचारू नका." मी इतकी वर्षं कमावलेला शब्द होता, तो त्यांनी मानला असता. मुलींचं गुपितही राहिलं असतं.

मी म्हटलं, "मला काही माहीत नाही."

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. मग पंचांना म्हणाले, "बाईंना काय माहीत असणार? त्यांना कशाला मधी घेता?"

मी वहीत लिहिलं की चौकशीत समाधानकारक खुलासा झाला नाही, सबब त्यांची सेवा समाप्त करण्यात येत आहे. अक्षर नेहमीसारखंच नीट आलं.

मंगळवारी ते गेले. सायकलच्या कॅरिअरला एक ट्रंक. मी शाळेच्या फाटकात उभी होते. "सलाम बाई," म्हणाले, "पोरींकडं लक्ष राहू द्या." यात टोमणा आहे का, हे मी कितीतरी दिवस शोधत होते.

दृढीकरण झालं. पहिल्या प्रभुभोजनाला तुमची आई माझ्या शेजारी बसली नाही, मुलींच्या रांगेत बसली. मुलींची रांग वेगळीच असते, असं मी स्वतःला सांगितलं.

शनिवारी ती अजूनही ओल्या केसांनी येत होती. म्हणून एके दिवशी शाळा सुटल्यावर मी उघडपणे, रस्त्याने, गोदाबाईकडे गेले. ती कापूस वेचत होती. मी कोण ते सांगू लागले तशी ती हसली.

"वळखलं की. तुरीत हुब्या होत्या ना तुम्ही? लाल काठाचं लुगडं. मी म्हणलं, तुरीत हे लाल काय उगवलं!"

मी विचारलं, "भाऊंनी पाहिलं होतं?"

"त्यांचं तोंड वाटंकडंच की. पर आधी तुमच्या पोरीनं पाह्यलं, पाण्यातून. तुम्ही माघारी वळल्यावर म्हणली, माझी आई हाय. समद्या पोरी घाबरल्या. भाऊ गाता गाताच म्हणले, भिऊ नका. बाईनं डोळ्यानं बघितलं, चांगलं झालं. आता उद्या त्या बराबर सांगतील." तिने ओट्यातला कापूस दाबला. "पोरी लई खूश झाल्त्या त्या दिवशी. माझं माहेर पिंपळगाव रेणुकाईचं, आमच्याकडं पोरगी पोहायला लागली की गूळ वाटत्यात. मी गूळ वाटला." मग तिने विचारलं, "मंग, भाऊ का गेले हो?"



महिन्याची सभा आली. मी उभी राहिले आणि मागचा वृत्तांत वाचला. पंचांचे हात वर यायला लागले. "कायम, कायम."

"थांबा," मी म्हटलं, "दुरुस्ती आहे."

कमिटीच्या इतिहासात सेक्रेटरीनेच स्वतःच्या लिहिण्याला दुरुस्ती सुचवल्याचं कोणी ऐकलं नव्हतं. मी सांगितलं की मागच्या सभेत मी खोटं बोलले. मी तिथे गेले होते. लपून पाहिलं होतं. बाप्तिस्म्याचा काही संबंध नव्हता आणि त्या माणसाचं वागणं आपल्यातल्या कोणाहीपेक्षा स्वच्छ होतं.

"मग काय चाललं होतं तिथं?"

"ते सांगणार नाही."

वडील पंचांनी चष्मा काढला. "बाई, तुम्हीबी त्यांच्यातल्याच झालात की काय?"

पाचही जणांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी चांगली ओळखत होते. ती माझीच होती. दुरुस्ती लिहिली गेली, पण माझ्या हाताने नाही. वही त्याच दिवशी दुसऱ्याकडे गेली. भाऊंना परत बोलवावं असा ठराव पाळकसाहेबांनी मांडला, तो तीन विरुद्ध दोन असा कसाबसा झाला. पण पत्ता कोणाकडे होता? त्यांच्या जुन्या मंडळीला लिहिलं. या वेळी उत्तरच आलं नाही. त्यांना हे सगळं कधी कळलं की नाही, मला माहीत नाही. या खेपेला खरोखरच माहीत नाही.

घरी आले तेव्हा तुमची आई भाकरी थापत होती. मी म्हटलं, "मी दुरुस्ती केली."

तिने मान वर केली नाही. भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला आणि म्हणाली, "उशिरा केलीस."

"हो."

यावर आम्ही दोघी पुन्हा कधी बोललो नाही. तिचं लग्न झालं, तुम्ही झालात, ती तिकडे आली, दर रविवारी फोन करते, औषध घेतलंस का विचारते. हा विषय नाही. आणि आता अचानक तुम्हाला म्हणते, पुढचं आजीला विचारा.

म्हणून हे तिच्यासमोर मोठ्याने वाचा. अडेल तिथे तिच्याकडूनच वाचून घ्या. वाचून झाल्यावर ती काय म्हणाली ते मला कळवा, जसंच्या तसं. गोड करून कळवू नका. मला ओळखू येतं.